इवागुमी: दगड आणि हिरवळीची जपानी टाकी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाणवनस्पतींच्या टाक्या करणाऱ्यांकडून, आणि त्याहून अधिक करू पाहणाऱ्यांकडून, गेली काही वर्षे जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते येथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात येत असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उदाहरणांसाठी सर्वत्र ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३६ उंच अशी टाकी गृहीत धरली आहे.

१. इवागुमी म्हणजे नेमके काय? दगड ठेवलेली कोणतीही टाकी इवागुमी होते का?

नाही. 'इवा' म्हणजे खडक आणि 'कुमी' म्हणजे जुळणी. दोन शब्द एकत्र आले की जपानी भाषेत 'कु'चा 'गु' होतो. हा शब्द टाकीचा नव्हे, बागेचा आहे. जपानी बागेत दगड हे झाडांच्या मधली जागा भरण्यासाठी नसतात. दगड आधी रोवले जातात आणि बाकीची बाग त्यांच्याभोवती उभी राहते. अकराव्या शतकातील 'साकुतेइकी' या उद्यानग्रंथाची सुरुवातच दगड रोवण्यापासून होते, आणि एक दगड रोवला की पुढचे दगड त्याच्या मागणीप्रमाणे लावावेत असे तो सांगतो. क्योतोमधील र्योआनजी मंदिराच्या बागेत पांढऱ्या खड्यांवर १५ दगड आहेत आणि ओसरीवर कोठेही बसले तरी त्यातला किमान एक नजरेआड राहतो.

ही दृष्टी काचेच्या टाकीत आणली ताकाशी आमानो यांनी. निगाता येथे १९५४ मध्ये जन्मलेले आमानो आधी व्यावसायिक सायकलपटू होते, पुढे निसर्गछायाचित्रकार झाले, आणि १९८२ मध्ये त्यांनी पाणवनस्पतींच्या टाक्यांची स्वतःची संस्था काढली. २०१५ मध्ये ते गेले. त्यांनी रूढ केलेल्या इवागुमीत एकाच जातीचे दगड असतात, वनस्पती एक-दोन किंवा फार तर तीन आणि बहुतेक ठेंगण्या असतात, आणि बरीच जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली असते. ही मोकळी जागा मांडणीचाच भाग आहे. ती भरून काढण्याचा मोह ज्याला आवरत नाही त्याने दुसरी शैली निवडलेली बरी.

२. ओयाइशी, फुकुइशी ही दगडांची नावे आहेत का? ती पाठ करायलाच हवीत का?

ही दगडांच्या जातींची नावे नसून मांडणीतील भूमिकांची आहेत. ओयाइशी हा मुख्य दगड. 'ओया' म्हणजे पालक. तो सर्वांत मोठा आणि सर्वांत देखणा असतो. फुकुइशी त्याच्या खालोखालचा असून रंगाने आणि पोताने ओयाइशीशी जुळणारा असतो. सोएइशी हा मुख्य दगडाला साथ देणारा, त्याचे सामर्थ्य अधिक ठळक करणारा दगड. सुतेइशी हे लहान दगड. या नावाचा अर्थच 'टाकून दिलेला दगड' असा आहे. हिरवळ वाढली की सुतेइशी बऱ्याचदा पूर्ण झाकले जातात. तरीही ते ठेवायचे असतात, कारण हिरवळीखालून येणारा त्यांचा उंचवटा जमिनीला खरेपणा देतो. नावे विसरली तरी चालेल, मात्र हातातला प्रत्येक दगड कोणती भूमिका करणार आहे हे ठरवल्याशिवाय तो टाकीत ठेवू नये.

३. दगडांची संख्या विषमच का असावी? माझ्याकडे चारच चांगले दगड आहेत.

जुन्या बागांतील तीन दगडांची 'सानझोन' रचना मधोमध बुद्ध आणि दोन्ही बाजूंना दोन सहचर अशा मूर्तित्रयीवरून आली आहे, आणि त्यावरूनच तीन, पाच, सात अशी परंपरा पडली. यामागे नजरेचाही एक हिशेब आहे. दगड सम संख्येत असले की नजर त्यांच्या जोड्या लावते, मांडणी दोन सारख्या भागांत तुटते आणि स्थिर, निर्जीव वाटू लागते. चार दगड असतील तर त्यातला एक बाजूला काढून ठेवावा, किंवा दुसऱ्या दगडाचा निघालेला एखादा तुकडा पाचवा म्हणून मुख्य दगडाच्या पायथ्याशी ठेवावा. मांडणी वाढून दहा-बारा दगडांपुढे गेली की संख्या मोजण्यात अर्थ राहत नाही, कारण नजर तेव्हा दगड न मोजता गट पाहते.

४. पहिल्या इवागुमीसाठी टाकी केवढी घ्यावी?

६० सेंटिमीटरची. लहान टाकी सोपी असते हा गैरसमज आहे. पाणी कमी असले की तापमान, खते आणि झाडांसाठी सोडलेला कार्बन डायऑक्साइड वायू यांतील प्रत्येक चूक तीव्र होते. फार उंच टाकीत तळापर्यंत प्रकाश पोचवणे कठीण जाते. सुरुवातीला दिलेल्या मापाच्या टाकीत काठोकाठ सुमारे ६५ लिटर पाणी मावते, आणि माती, दगड, काच व कपाट धरून एकूण वजन १०० किलोच्या घरात जाते. त्यामुळे कपाट स्पिरिट लेव्हलने तपासून सपाट करावे आणि टाकीखाली फोमची पातळ चटई घालावी. खिडकीतून थेट ऊन येणारी जागा टाळावी. पाठीमागे खोल समुद्राचे चित्र लावू नये. पांढरा किंवा दुधी कागद पुरेसा आहे.

५. कोणत्या जातीचे दगड घ्यावेत?

सर्वाधिक मागणी सेइर्यू दगडाची असते. करडा-निळसर रंग, तीक्ष्ण कडा आणि पांढऱ्या शिरा यांमुळे तो डोंगरकड्यासारखा दिसतो. मात्र त्यात चुन्याचा अंश असल्याने तो पाण्याचा कठीणपणा हळूहळू वाढवतो. ओको दगड, ज्याला दुकानात ड्रॅगन स्टोन म्हणतात, तपकिरी आणि छिद्राछिद्रांचा असतो. तो पाण्यात फारसे काही सोडत नाही, पण ठिसूळ असतो आणि त्याच्या भोकांतली माती काडीने कोरून काढावी लागते. नवशिक्याने कोणतीही एकच जात निवडावी. दोन जाती मिसळल्या की पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकते.

खरेदी करताना आवश्यकतेच्या दीडपट दगड आणावेत. ६० सेंटिमीटरच्या टाकीत साधारण ८ ते १२ किलो लागतात. १५ किलो घरी असले तर निवडीला वाव राहतो. मुख्य दगडासाठी वाटेल तेवढा वेळ द्यावा. दुकानातला सगळा ढीग फरशीवर पसरून, एकेक दगड चारही बाजूंनी फिरवून पाहण्यात संकोच करू नये.

६. आपल्याकडचा काळा पाषाण, जांभा किंवा नदीतले गोटे वापरता येतील का?

येतील, पण तपासून. दख्खनचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट हा मुळात पाण्याला न बदलणारा दगड आहे. अडचण आहे ती त्याच्या पोकळ्यांची. लाव्हा थंड होताना राहिलेल्या या पोकळ्यांत पुढे पांढरी खनिजे भरली गेली. त्यातली काही निरुपद्रवी झिओलाइट असतात, काही मात्र कॅल्साइट असतात आणि कॅल्साइट पाणी कठीण करते. नुसते पाहून दोन्हींतला फरक सहज कळत नाही. म्हणून पांढऱ्या ठिपक्यावर खिळ्याने ओरखडा काढून त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकावेत आणि कान जवळ नेऊन ऐकावे. फेस दिसण्याआधी बारीक चुरचुर ऐकू येते. काहीच झाले नाही तरी दगड बादलीभर आरओच्या (क्षार काढलेल्या) पाण्यात बुडवून आठवडाभर ठेवावा आणि टीडीएस मीटरने (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या उपकरणाने) आधीचा व नंतरचा आकडा पाहावा.

कोकणातला जांभा लोहयुक्त आणि सच्छिद्र आहे; तो वापरता येतो, पण भुगा सुटत राहतो आणि चिऱ्याच्या कापलेल्या सरळ कडा मांडणीत परक्या दिसतात. नदीतले गोटे गुळगुळीत असल्याने कड्याचा आभास देत नाहीत. मात्र सर्वच दगड गोल असले तर ओढ्याकाठचे शांत दृश्य चांगले साधते.

दगड साबणाने धुऊ नये आणि उकळू तर मुळीच नये. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन दगड फुटू शकतो. तारेचा ब्रश आणि साधे पाणी पुरते. अभयारण्यातून किंवा संरक्षित पठारावरून दगड उचलू नये. शेताच्या बांधावर, मालकाला विचारून, हवे तेवढे मिळतात.

७. दगड मांडायचे कसे? मी मांडले की ते ठेवल्यासारखे दिसतात, उगवल्यासारखे दिसत नाहीत.

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि तुमचे निरीक्षण अचूक आहे. ठेवल्यासारखा दिसणारा दगड बहुधा पुरेसा रोवलेला नसतो. खऱ्या डोंगरात आपल्याला खडकाचे टोक दिसते आणि बाकीचा खडक जमिनीत असतो. म्हणून दगडाचा किमान एक-चतुर्थांश भाग मातीत गेला पाहिजे. सुंदर भाग पुरावा लागतो याचे वाईट वाटते, पण तो पुरल्यावरच उरलेला भाग सुंदर दिसतो.

दुसरी गोष्ट रेषांची. प्रत्येक दगडाच्या अंगावर थर किंवा शिरा असतात आणि त्यांना एक दिशा असते. ओयाइशीच्या रेषा उजवीकडे झुकल्या असतील तर बाकीच्यांच्याही साधारण त्याच दिशेने झुकाव्यात, जणू हजारो वर्षे एकाच प्रवाहाने सर्वांना घासले आहे. एकच दगड उलटा झुकला तरी सगळी मांडणी विस्कटते. याचा अर्थ सर्व दगड कवायतीतल्या शिपायांसारखे समांतर हवेत असा नाही. झुकण्याचे कोन थोडे वेगळे असावेत, दिशा एक असावी.

तिसरी गोष्ट जागेची. ओयाइशी मधोमध ठेवू नये. सुवर्णप्रमाण १ : १.६१८ असे आहे. ६० सेंटिमीटरच्या टाकीत ते एका बाजूने सुमारे ३७ आणि दुसऱ्या बाजूने २३ सेंटिमीटरवर येते. उंचीसाठी टाकीचा दोन-तृतीयांश हे चांगले माप आहे, म्हणजे ३६ सेंटिमीटरच्या टाकीत तळापासून सुमारे २४ सेंटिमीटर. यापेक्षा बुटका दगड घेतला तर हिरवळ वाढल्यावर तो बुडतो, कारण हिरवळीचे कार्पेट स्वतःच तीन-चार सेंटिमीटर उंची खाते. ही चूक मी पहिल्या दोन टाक्यांत केली आणि तीन महिन्यांनी फक्त हिरवी टेकडी उरली.

माझी पद्धत अशी आहे. टाकीच्या तळाएवढा एक उथळ खोका घेऊन त्यात वाळू भरतो आणि दगड आधी तेथे मांडतो. पहिल्या संध्याकाळी फक्त ओयाइशी, तोही पंधरा-वीस वेगवेगळ्या तऱ्हांनी: उभा, आडवा, पुढे झुकलेला, पाठ फिरवलेला. ठरला की खुर्चीवर बसून, टाकी जेथून पाहिली जाणार त्याच उंचीवरून मोबाइलने फोटो काढतो आणि तो काळा-पांढरा करतो. रंग गेले की वजनाचा तोल लगेच कळतो. दुसऱ्या दिवशी फुकुइशी. त्यानंतर खोका दोन-तीन दिवस तसाच ठेवतो आणि येता-जाता पाहतो. सकाळी चहा घेताना जो दगड खटकतो तो रात्री कितीही आवडला असला तरी चुकीचा असतो. पाणी भरण्याची घाई सर्वांनाच असते. पण झाडे पुन्हा लावता येतात, पाणी पुन्हा बदलता येते, दगड मात्र एकदा मुळे धरली की हलवता येत नाहीत. या टप्प्यावर गेलेला महिनाही फुकट गेला असे मी मानत नाही.

८. मातीचा थर किती जाड असावा? माझा उतार दोन महिन्यांत सपाट झाला.

पुढे २ ते ३ सेंटिमीटर आणि मागे १० सेंटिमीटरपर्यंत असा चढ ठेवला की ३० सेंटिमीटर रुंदीच्या टाकीतही खोली भासते. यासाठी ६० सेंटिमीटरच्या टाकीला साधारण ११ ते १२ लिटर अ‍ॅक्वासॉइल लागते. दगडांनी व्यापलेली जागा त्यातून वजा होते. साध्या वाळूत किंवा खड्यांत बारीक हिरवळ नीट धरत नाही, कारण भाजलेल्या मातीच्या अ‍ॅक्वासॉइलमध्ये पोषण असते आणि ती पाणी किंचित आम्लधर्मी व मऊ ठेवते.

उतार सपाट होतो याचे कारण गोल कण हळूहळू खाली घरंगळतात. कोळंबी आणि तळाशी चरणारे मासे त्याला हातभार लावतात. उपाय सुरुवातीलाच करावा लागतो. मागच्या भागात खाली सच्छिद्र लाव्हाचे खडे जाळीच्या पिशव्यांत भरून ठेवावेत, किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्या आडव्या उभ्या करून मातीत दडवाव्यात. मोठे दगड या भरावावर टेकले की ते खचत नाहीत. दगड काचेवर थेट ठेवू नये. मध्ये फोमचा तुकडा किंवा खड्यांचा थर असावा.

९. कोणत्या वनस्पती लावाव्यात?

सर्वांत भरवशाची जोडी म्हणजे पुढे मोंटे कार्लो आणि मागे गवतासारखे हेअरग्रास. मोंटे कार्लो अर्जेंटिनातून छंदात आली. पाने लहान, गोल, आणि स्वभावाने सोशिक. हेमिअँथस कॅलिट्रिकॉइडिस, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली 'एचसी क्युबा', हिची पाने सर्वांत बारीक असल्याने दगड प्रचंड मोठे भासतात, पण ती प्रकाश आणि वायू दोन्ही भरपूर मागते. ग्लोसोस्टिग्मा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडची, प्रकाश कमी पडला की आडवी पसरण्याऐवजी उभी वाढते. फक्त हेअरग्रास लावलेली टाकी वाऱ्यावर डोलणाऱ्या कुरणासारखी दिसते आणि मला स्वतःला तीच सर्वांत प्रिय आहे.

युट्रिक्युलॅरिया ग्रॅमिनिफोलियाविषयी अनेक जण विचारतात. ही कीटकभक्षी वनस्पती आहे. तिच्या मुळांसारख्या भागांवरच्या सूक्ष्म पिशव्या पाण्यातले बारीक जीव पकडतात. साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्याच्या शेवटी निळी-जांभळी दिसणारी सीतेची आसवे याच कुळातली, म्हणून मराठी माणसाला ती परकी वाटू नये. पण पठारावरचे रोप उपटून आणणे गुन्ह्यासारखेच आहे. टाकीसाठी टिश्यू कल्चरचा, म्हणजे प्रयोगशाळेत जेलीवर वाढवलेल्या रोपांचा, कप विकत घ्यावा.

संख्येत कंजुषी करू नये. ६० सेंटिमीटरच्या टाकीला सहा ते दहा कप लागतात. जेली धुऊन, कपातल्या रोपांचे नखाएवढे तुकडे करून, चिमट्याने दोन-दोन सेंटिमीटरवर तिरके खोचावेत. तुरळक लावलेली हिरवळ पसरेपर्यंत शेवाळ ती जागा घेते.

१०. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरशिवाय इवागुमी होईल का?

होते, पण संथ आणि मर्यादित. मोंटे कार्लो किंवा हेअरग्रास मंद प्रकाशात, चांगल्या मातीवर सिलिंडरशिवायही पसरते. दोन महिन्यांचे काम सहा-आठ महिन्यांत होते आणि कार्पेट तितके दाट होत नाही. एचसी क्युबाचा मात्र असा प्रयोग करू नये. साखर-यीस्टची बाटली स्वस्त असते, पण वायूचे प्रमाण रोज बदलते आणि ते अस्थैर्य शेवाळाला मानवते. सायट्रिक आम्ल आणि खायच्या सोड्याचे संच त्यापेक्षा बरे. पैसे एकाच गोष्टीवर खर्च करता येणार असतील तर महागड्या दिव्याऐवजी सिलिंडर, चांगला रेग्युलेटर (दाब नियंत्रक) आणि सोलेनॉइड (विजेवर उघडबंद होणारी झडप) घ्यावा. सिलिंडर नेहमी उभा आणि बांधलेला असावा.

११. सीओटू (कार्बन डायऑक्साइड) किती सोडावा? मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात.

मासे वर आले असतील तर पुढचे वाचण्याआधी वायू बंद करा, पाणी हलवा आणि निम्मे पाणी बदला.

हवे असलेले प्रमाण लिटरला २० ते ३० मिलिग्रॅम आहे. ते मोजण्यासाठी टाकीत ड्रॉप चेकर लावतात. त्यात ४ अंश केएचचे (कार्बोनेट कठीणपणाचे) द्रावण आणि रंगदर्शक असतो. निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे सुमारे ३० मिलिग्रॅम, पिवळा म्हणजे धोका. मात्र हा रंग प्रत्यक्ष स्थितीच्या तास-दोन तास मागे असतो. घरी पाहुणे येणार म्हणून एकदा मी सकाळी सुई-झडप अर्धा फेरा जास्त उघडली. दुपारी चेकर हिरवाच होता आणि मासे पृष्ठभागाला चिकटले होते. चार कार्डिनल टेट्रा मासे दगावले. तेव्हापासून झडप अगदी थोडी फिरवतो, तीही सुट्टीच्या दिवशी, आणि दिवसभर घरी थांबतो.

वायू दिवे लागण्याच्या एक ते दोन तास आधी सुरू करावा आणि दिवे मालवण्याच्या तासभर आधी बंद करावा. रात्री वनस्पती स्वतःच प्राणवायू वापरतात, तेव्हा सीओटू देण्याचे कारण नाही.

१२. दिवा किती वॅटचा आणि किती तास?

एलईडीमध्ये वॅटपेक्षा ल्युमेन, म्हणजे प्रकाशाचे माप, पाहावे. लिटरला ३० ते ४० ल्युमेन हा ढोबळ अंदाज कार्पेटसाठी पुरतो. पहिले तीन-चार आठवडे रोज सहा तास, नंतर हळूहळू आठ. टायमर लावावा, हाताने दिवा लावण्याची शिस्त कोणाचीच टिकत नाही.

१३. पाणी भरून पंधरा दिवस झाले आणि सगळीकडे तपकिरी शेवाळ आले. टाकी फसली का?

फसलेली नाही. इवागुमीत हा काळ इतर टाक्यांपेक्षा कठीण जातो, कारण झाडे थोडी, लहान आणि नुकतीच लावलेली असतात, तर नवे अ‍ॅक्वासॉइल पहिल्या काही आठवड्यांत अमोनिया सोडत असते. झाडे वापरू शकत नाहीत ते शेवाळ वापरते. दगड, काच आणि पानांवरचा तपकिरी मऊ थर डायटम या सूक्ष्म शेवाळाचा असतो. बोटाने पुसला जातो आणि टाकी मुरली की बहुधा आपोआप जातो.

उपाय एकच आहे आणि तो कष्टाचा आहे: पाणी बदलणे. पहिल्या आठवड्यात रोज निम्मे, दुसऱ्यात दिवसाआड, तिसऱ्यात आठवड्यातून दोनदा आणि पुढे कायम आठवड्यातून एकदा. शेवाळ दिसले म्हणून औषध ओतू नये. दिव्याचा एक तास कमी करावा आणि दगड जुन्या दातब्रशने घासून लगेच पाणी बदलावे. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्यावर, सहसा चौथ्या ते सहाव्या आठवड्यात, आमानो कोळंबी सोडावी. हिरव्या धाग्यांचा फडशा पाडण्यात तिला तोड नाही. तिची पिल्ले वाढायला मचूळ पाणी लागते, त्यामुळे टाकीत तिची संख्या वाढत नाही. तांबे असलेले कोणतेही माशांचे औषध तिला घातक आहे.

१४. पाणी न भरता आधी हिरवळ वाढवण्याची पद्धत चांगली का?

एचसी क्युबा आणि मोंटे कार्लोसाठी चांगली. माती फक्त ओली ठेवून, टाकी प्लॅस्टिकने झाकून, रोज थोडा वेळ उघडून हवा द्यावी. चार ते आठ आठवड्यांत मुळे घट्ट धरतात आणि सीओटूचा खर्च वाचतो. पावसाळी, दमट घरात बुरशी येण्याचा धोका राहतो. पाणी भरल्यावर अमोनियाची अडचण पूर्ण टळत नाही, म्हणून प्रश्न १३ मधील पाणी बदलण्याचा क्रम येथेही पाळावा.

१५. आमच्याकडे बोअरवेलचे पाणी आहे. आरओचे पाणी वापरावे का?

कठीण पाण्यात सेइर्यू दगड ठेवला तर कठीणपणावर कठीणपणा चढतो. अशा वेळी दोन मार्ग आहेत: चुना न सोडणारा दगड निवडणे किंवा बोअरचे पाणी आरओच्या पाण्यात मिसळून जीएच (पाण्याचा एकूण कठीणपणा) ३ ते ६ अंशांवर आणणे. निव्वळ आरओ वापरू नये. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम उरत नाही आणि झाडे व कोळंबी दोन्ही अशक्त होतात. तलावातून येणारे नगरपालिकेचे पाणी बहुधा मऊ असते, पण त्यातला क्लोरीन घालवण्यासाठी अँटिक्लोरीन टाकावे. क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग) असेल तर पाणी रात्रभर उघडे ठेवूनही ते उडून जात नाही.

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. बाष्पीभवनाने फक्त पाणी जाते, क्षार टाकीतच राहतात. कमी झालेले पाणी भरून काढताना आरओचेच वापरावे. बदलताना मात्र मिश्रण.

१६. विदर्भात मे महिन्यात टाकीचे पाणी ३२ अंशांवर जाते. काय करावे?

हिरवळीला २२ ते २६ अंश मानवते. पाणी तापले की त्यात प्राणवायू आणि सीओटू दोन्ही कमी विरघळतात, त्याच वेळी माशांची प्राणवायूची गरज वाढते. म्हणून उन्हाळ्यात वायू वाढवणे धोक्याचे असते. पृष्ठभागावर तिरका छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने तापमान दोन ते चार अंशांनी उतरते. विदर्भाच्या कोरड्या हवेत हा उपाय चांगला लागू पडतो, मुंबईच्या दमट हवेत कमी. दिव्याची वेळ सकाळी लवकर किंवा रात्री घ्यावी आणि खत कमी करावे. बर्फाच्या पिशव्यांनी तापमान एकदम खाली-वर होते, ते टाळावे.

१७. मासे कोणते आणि किती?

एकाच जातीचा लहान माशांचा थवा. दगडांचा आकार माशांच्या आकारावर ठरतो: दोन सेंटिमीटरच्या माशाशेजारी दगड कडा वाटतो, दहा सेंटिमीटरच्या माशाशेजारी तोच खडा वाटतो. कार्डिनल टेट्रा, रमीनोज टेट्रा किंवा लहान रासबोरा १५ ते २० घ्यावेत. रमीनोज सर्वांत एकवटून पोहतात आणि मोकळ्या जागेत त्यांचे वळणे पाहण्यासारखे असते. म्यानमारचा गॅलक्सी रासबोरा सुंदर आहे, पण लाजाळू. आडोसा नसलेल्या टाकीत तो कोपरा धरून बसतो. सर्व मासे कोळंबीनंतर, दोन-तीन हप्त्यांत सोडावेत.

१८. गोल्डफिश किंवा एंजलफिश ठेवले तर?

गोल्डफिश हिरवळ उपटतो आणि खातो. एंजलफिश उपटत नाही, पण दगडांचे प्रमाण बिघडवतो आणि मोठा झाल्यावर लहान टेट्रा गिळतो. फायटर मासा एकटा ठेवता येईल. मात्र प्रवाह मंद हवा, आणि कार्पेटला चांगला प्रवाह लागतो.

१९. हिरवळ गालिच्यासारखी उचलली जाऊन वर तरंगू लागली. असे का?

छाटणी लांबली म्हणून. कार्पेट जाड झाले की वरचा थर खालच्याचा प्रकाश अडवतो, खालची मुळे कुजतात आणि सुटलेला तुकडा वायूच्या बुडबुड्यांमुळे वर येतो. जमीन पूर्ण झाकली गेली की पहिली छाटणी लगेच करावी. वाकड्या कात्रीने एक-दीड सेंटिमीटर ठेवून बाकी कापावे. कापताना वाईट वाटते आणि आठवडाभर टाकी ओकीबोकी दिसते, पण नंतरची वाढ अधिक दाट असते. छाटणीच्या दिवशी फिल्टर बंद ठेवून तुकडे जाळीने काढावेत आणि निम्मे पाणी बदलावे. उचललेला भाग पुन्हा दाबून बसवण्यापेक्षा त्यातले ताजे कोंब कापून नव्याने लावावेत.

२०. वीज सहा-सात तास गेली तर काय करावे?

दिवा नसला तरी एक दिवस काही बिघडत नाही. सोलेनॉइड असेल तर वायू आपोआप बंद होतो. नसेल तर झडप हाताने लगेच बंद करावी. काळजी घ्यायची ती बंद डब्याच्या फिल्टरची: आतले उपयुक्त जिवाणू प्राणवायूअभावी मरू लागतात आणि वीज आल्यावर तेच दूषित पाणी टाकीत येते. चार-पाच तासांपेक्षा जास्त वेळ गेला असेल तर फिल्टर उघडून, आतले साहित्य टाकीच्याच पाण्यात खळबळून मगच सुरू करावा. बॅटरीवर चालणारा छोटा एअरपंप घरात असावा.

२१. दगडांबरोबर एखादे लाकूड ठेवले किंवा झाडे अजिबात लावली नाहीत, तर त्याला इवागुमी म्हणता येईल का?

लाकूड आले की ती सुंदर टाकी होऊ शकते, पण इवागुमी राहत नाही. लाकडाच्या फांद्या नजर दगडांवरून ओढून नेतात. नुसती वाळू आणि दगड ही मांडणी जपानी कोरड्या बागेच्या जवळची आहे आणि दगडांचे मूळ तेथेच असल्याने मी तिला नाकारत नाही. पण झाडे नसल्याने पाणी शुद्ध राखण्याचा सगळा भार फिल्टरवर आणि पाणी बदलण्यावर पडतो, आणि पांढरी वाळू दर आठवड्याला सायफनने स्वच्छ करावी लागते.

२२. टाकी किती वर्षे टिकते? मोडल्यावर दगडांचे काय करावे?

नीट छाटलेली हिरवळ दीड-दोन वर्षे चांगली राहते. त्यानंतर अ‍ॅक्वासॉइलचे पोषण संपते आणि कणांचा गाळ होऊ लागतो. दगड मात्र जुने होत नाहीत. ब्रशने घासून, उन्हात वाळवून, प्रत्येकाच्या तळाशी पेन्सिलीने त्याची जागा लिहून खोक्यात ठेवावेत. माझ्याकडचा एक ओयाइशी तिसऱ्या टाकीत आहे. पहिल्या टाकीत तो उजवीकडे झुकून उभा होता. यावेळी आडवा आहे, आणि पूर्वी मातीत गाडलेली त्याची बाजू आता दर्शनी आहे.